सारी-बेलची बुरमाकान अपा

बुरमाकान अपानं सारी-बेल घाटाखालच्या वेधशाळेत सव्वीस वर्षं हवेच्या नोंदी घेतल्या. वेधशाळा बंद झाली, यंत्रं गेली, माणसं गेली. अपा (आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला अपाच म्हणतात) तिथंच राहिली. चहा आणि कणकेचे तळलेले बोर्सोक विकायची, आणि वर जाणाऱ्या प्रत्येकाला, विचारो न विचारो, वारा सांगायची.

त्याला कारण होतं. तिचा नवरा याच घाटात वादळात सापडून गेला. त्या सकाळी वारा फिरल्याचं तिनं वहीत लिहिलं होतं, बिनतारीवरून शहरालाही कळवलं होतं. दारात घोड्यावर खोगीर घालणाऱ्या नवऱ्याला तेवढं सांगायचं राहिलं.

मी घाटातलं बर्फ काढायची गाडी चालवायचो. जानेवारीतली गोष्ट. दोन दिवस बर्फ पडून आभाळ लख्ख उघडलं होतं. कुबात नावाचा ड्रायव्हर आपली मिनीबस घेऊन आला. आत लग्नाला निघालेल्या चार बायका.

"आज नको जाऊस," अपा म्हणाली.

"अपा, एवढं ऊन पडलंय! तुला तर उन्हाळ्यातही वादळ दिसतं."

"ऊन नको बघूस, शिखर बघ. धूर निघाल्यासारखं दिसतंय ना? ते बर्फ उडतंय. तासाभरात वारा खाली उतरेल."

"नवरी काय वाऱ्यासाठी थांबेल?" कुबात हसला.

अपानं खिडकीतून आत डोकं घातलं आणि पुढच्या सीटवरच्या सेयिलकानला, म्हणजे नवरीच्या मावशीला, म्हणाली, "बाई, हा ऐकायचा नाही, तू ऐक. अडकलात तर गाडी सोडू नका. वाऱ्याकडचं दार उघडू नका. इंजिन लावायच्या आधी धुराची नळी बर्फातून मोकळी करा, नाहीतर झोपल्या झोपल्या मराल."

मिनीबस गेली. दुपारी बारालाच वारा असा आला, की मला माझ्याच गाडीचं पातं दिसेना. पलीकडच्या नाक्यावर फोन लावला. मिनीबस पोचली नव्हती.

मी गाडी सुरू केली, तर अपा समोर येऊन उभी राहिली.

"उतर खाली."

"अपा, पाच जीव आहेत वर!"

"ठाऊक आहे मला. वारा सगळं बर्फ दुसऱ्या वळणाच्या डोक्यावर रचतोय. तू खालून गेलास की ते सुटेल. मग सहा होतील."

"आणि ते गारठून मेले तर?"

ती बाजूला झाली नाही. शेवटी मी उतरलो. दोन तास आम्ही चुलीपाशी बसलो. मी तिला नको ते बोललो. वय झालंय, भित्री झालीयस, असंही. ती फक्त चुलीत शेण्या सारत राहिली. मग डोंगरातून घुमल्यासारखा आवाज आला आणि ती उठली. "सुटलं. आता जा."

दुसऱ्या वळणावर माणूसभर उंचीचा ढीग पडला होता. तो कापून मी वर पोचलो, तेव्हा वारा पडत आला होता. मिनीबस खिडक्यांपर्यंत बर्फात होती. सेयिलकान हातात तवा घेऊन धुराच्या नळीपाशी बसली होती. लग्नाच्या आहेरातला तवा. पाळीपाळीनं खणत होत्या बायका. कुबात रस्ता शोधायला उतरला होता, पाच पावलांवर हरवला. सेयिलकाननं हॉर्न वाजवत ठेवला म्हणून परत आला. त्याचे हातमोजे मात्र उडून गेले होते.

पाचही जण वाचले. कुबातची दोन बोटं पुढे कापावी लागली.

खाली आणल्यावर अपानं सगळ्यांना चहा दिला, आणि कुबातचे हात बघून त्याच्याशेजारी बसली. रडायलाच लागली.

"तुला मीच थांबवून ठेवलं," मला म्हणाली. "दोन तास आधी गेला असतास तर बोटं राहिली असती याची."

"आणि मी राहिलो असतो का, अपा?"

"ते कोण सांगणार?"

डोळे पुसत ती कुबातकडे वळली. त्याला कप धरता येत नव्हता. तिनं चहा फुंकून गार केला आणि आपल्या हातानं त्याच्या ओठांना लावला.