दीड वाजताचा मेसेज

समांतर आणि वितरित संगणनाचा नवा अभ्यासक्रम करायचं काम माझ्या गळ्यात पडलं ते माझ्याच तोंडामुळे. विद्यापीठाच्या बैठकीत मी जुन्या अभ्यासक्रमाची यथेच्छ टर उडवली. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग मॅडम, नवा तुम्हीच करा." तेव्हा परभणीतल्या आमच्या लॅबमध्ये चौदा कॉम्प्युटर होते, त्यातले नऊ चालू. तालुक्याच्या कॉलेजांचं तर विचारूच नका. म्हणून निम्मी प्रात्यक्षिकं मशीनशिवाय होतील अशी लिहायची आणि आधी आपल्याच वर्गावर करून बघायची, असं मी ठरवलं.

विषय तसा सोपा आहे. एक मोठं काम अनेक कॉम्प्युटरांनी वाटून घ्यायचं. अडचण एवढीच, की सगळं चित्र कुणालाच दिसत नाही. शेजाऱ्याने कळवलं तेवढंच प्रत्येकाला ठाऊक. हे मुलांना कळावं म्हणून मी त्यांना मान न वळवता रांगेत बसवलं. पहिल्याने चिठ्ठीवर एक लिहायचं, पुढच्याने त्यात स्वतःला मिळवून ती पुढे द्यायची. शेवटच्या हातात वर्गाचा आकडा यायला हवा. मी आधीच मोजले होते, एकतीस. चिठ्ठीवर आले बत्तीस.

पुन्हा केलं. बत्तीस. चिठ्ठी उलट्या बाजूने फिरवली, तरी बत्तीसच. हसणं थांबलं. मागच्या बाकावरच्या एकाने उगाचच वळून पाठीमागच्या रिकाम्या भिंतीकडे पाहिलं, आणि खरं सांगते, मीही पाहिलं.

माझा भुतांवर विश्वास नाही, प्रॉक्सीवर आहे. चौथ्या वेळी मी चिठ्ठीबरोबर चालत गेले आणि खिडकीजवळच्या मुलीच्या हाताशी चूक सापडली. सतराच्या जागी तिने अठरा लिहिले होते. मी भर वर्गात तिला फाडून खाल्लं. ती रडायलाच लागली. "मॅडम, सवयीनं झालं. रोज दोघींची हजेरी मीच देते. माझी रूममेट गावी हाय. आई लय आजारी हाय म्हणली. हजेरी कमी पडली तर टर्म जाईल तिची."

रूममेट म्हणजे ताडकळसची मुलगी. वर्गातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात कमी बोलणारी. दहा दिवस ती आली नव्हती आणि माझ्या हजेरीपटावर रोज हजर होती. मला राग आला तो जास्त स्वतःचाच.

मधल्या सुट्टीत खिडकीजवळची ती मुलगी माफी मागायला लॅबमध्ये आली. हातात चार पुडांचा स्टीलचा डबा होता. एवढा डबा कुणाचा, विचारलं तर म्हणाली, "रूममेटच्या घरचा. काकू दोघींचा एकच देतात. रोज सकाळच्या एसटीत ठेवतात, मी स्टँडवरून आणते."

"आजही आला?"

"रोज येतो, मॅडम. आता जरा जास्तच होतो."

ती मुलगी भोळी होती, पण मी तरी भोळी नव्हते. अंथरुणाला खिळलेली बाई पहाटे उठून दोघींच्या भाकरी थापते? आणि लेक घरीच असेल तर डब्यातला तिचा वाटा कुणासाठी? प्रवेशाच्या फॉर्मवरून नंबर काढून मी फोन लावला. आईनेच उचलला.

"मॅडम? काय झालं? डबा पोचला न्हाई का?"

"पोचला. तुमची तब्येत कशी आहे?"

"मला काय धाड भरलीय! पोरगी जेवली का?"

मी त्यांना आणि समोरच्या मुलीला विचारत गेले तसं उलगडत गेलं. घर समजत होतं मुलगी परभणीत आहे, परभणी समजत होती ती घरी आहे. दोन्हीकडे रोज दुपारी तिचा मेसेज येत होता : मी ठीक आहे. जेवले. मेसेज येतोय म्हणून दोन्हीकडचे निर्धास्त होते. तिचा आवाज मात्र दहा दिवसांत कुणीच ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील लॅबमध्ये आले. दोन एकर कोरडवाहू करणारा उंच, वाळका माणूस. "जय भीम, मॅडम," म्हणाले आणि उभेच राहिले. बायकोने आजही दोघींचा डबा बांधला होता, तो त्यांनी टेबलावर ठेवला. पोलिसांत जाऊन आले होते. पोरगी सज्ञान हाय, कपडे आन् सर्टिफिकेटं घेऊन गेलीय, शोधू, असं उत्तर मिळालं होतं. मग खाली बघत म्हणाले, "सोयरीक जमवली होती. ती नको म्हणायलीती. मी ऐकलं न्हाई." फोन बंद लागायचा, पण मेसेज येतोय म्हटल्यावर परीक्षेमुळे बंद ठेवत असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि शेजारी उभ्या असलेल्या, तिची हजेरी देणाऱ्या मुलीचाही. एकाच क्षणी. मी ठीक आहे. जेवले. टेबलावरचा डबा तसाच बंद होता.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बरोबर दीड. काल किती वाजता आला होता? दीड. परवा? दीडच. माणूस इतकं काटेकोर जेवत नाही. आणि मग मला माझंच प्रात्यक्षिक आठवलं. एकत्र काम करणाऱ्या प्रत्येक कॉम्प्युटरने ठरल्या वेळी 'मी ठीक आहे' असा निरोप सोबत्यांना धाडायचा. निरोप थांबला की तो मेला असं धरायचं. तो प्रोग्राम वर्गात सगळ्यात चांगला त्यांच्या लेकीनेच लिहिला होता. मी पैकीच्या पैकी मार्क दिले होते.

ती बसायची त्या कोपऱ्यातल्या मशीनचा पडदा बंद होता, पण खालचा हिरवा दिवा चालू होता. पडदा चालू केला. तिच्या फोनमधलं मेसेजचं अ‍ॅप त्या मशीनला जोडलेलं होतं आणि प्रोग्राम चालू होता. ती आमच्यापासून किती लांब होती कोण जाणे, तिचे निरोप मात्र चार पावलांवरून जात होते. कार्टीचा मला भयंकर राग आला. मी प्रोग्राम थांबवायला हात पुढे केला.

"बंद नका करू," वडील म्हणाले.

मग मलाही सुचलं. तिचा फोन दोन आठवडे उघडलाच नाही, तर अ‍ॅपला जोडलेलं मशीन आपोआप सुटतं आणि मेसेज थांबतो. ती जाऊन पंधरा दिवस उलटल्यावरही मेसेज आला, तर मधे कधीतरी फोन उघडला गेला. मी त्यांना तसं सांगितलं. ते बोटांवर दिवस मोजायला लागले.

पुढचे दिवस ते रोज डबा घेऊन यायचे आणि त्या मशीनसमोर बसायचे. वीज जाईल म्हणून मी ऑफिसचा इन्व्हर्टर भांडून लॅबला आणला. सोळाव्या दिवशी सकाळी मी अभ्यासक्रमाचा शेवटचा खर्डा पुरा केला. त्या प्रात्यक्षिकाखाली लिहिलं : निरोप येतो म्हणजे पाठवणारा ठीक आहे, असे विद्यार्थ्याने समजू नये. एक वाजता वीज गेली. इन्व्हर्टरच्या घरघरीत आम्ही दोघं त्या पडद्याकडे बघत बसलो.

दीडला त्यांच्या हातातला फोन वाजला.

"म्हंजे तिनं फोन उघडला?" त्यांनी विचारलं.

कुणीतरी उघडला होता. कुणी, हे मला कळायला मार्ग नव्हता, आणि सकाळीच मी ते वाक्य लिहिलं होतं.

"तिनंच," मी म्हणाले.

त्यांनी डबा उघडला आणि माझ्यासमोर अर्धी भाकरी ठेवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते जेवले.

अभ्यासक्रम मंजूर झाला. लॅबमध्ये नवी मशीनं आली. कोपऱ्यातल्या त्या जुन्याला मी कुणाला हात लावू देत नाही, लोक मला चक्रम म्हणतात. मेसेज अजून दीडला जातो. दोन मिनिटांनी माझा फोन वाजतो. तिच्या आईला सगळं माहीत आहे, तरी ती रोज तेवढंच विचारते, "मॅडम, जेवली का पोरगी?"

"जेवली," मी सांगते.