पाच दिवसांचे बांगडे

१२ मार्च. फ्रीज आवरला. मुलीने कॉलेजच्या प्रयोगासाठी कोळंबीच्या टरफलांपासून बनवलेल्या प्लास्टिकसारख्या पातळ फिल्ममध्ये पाच दिवस गुंडाळून ठेवलेले दोन बांगडे अजून ताजे दिसले, म्हणून तळले. फिल्म सवयीने पिशव्यांबरोबर धुवायला घेतली, तर हातातच लिबलिबीत होऊन फाटली.

“आई, उद्या सरांना तेच बांगडे दाखवायचे होते गं!”

“मग सांगायचं ना! ताजे होते, म्हणजे तुझी फिल्म पास.”

“आणि पुरावा तुझ्या पोटात!”

वैताग नुसता. पंचवीस वर्षं प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळवतेय, एकही आपणहून संपली नाही. काम झाल्यावर निमूट नाहीशी होणारी वस्तू घरात आली, तर तीही मी जपायला निघाले.

१३ मार्च. सकाळी दोन बांगडे आणून नव्या फिल्ममध्ये गुंडाळायला मुलीच्या हवाली केले आणि आणखी पाच दिवस मागायला तिच्या सरांकडे स्वतः गेले.