मेन पाडायच्या आधी

आमच्या घरी कॉम्प्युटर बंद करायची एकच पद्धत होती. आभाळ गडगडलं की आबा मेन पाडायचे. पंखा, टीव्ही, कॉम्प्युटर, पुढच्या बंगल्यातला फ्रीज, सगळं एका खटक्यात गप्प.

आबा म्हणजे माझे वडील. मळवलीला मुंबईच्या एका कुटुंबाचा बंगला आहे, तो ते सांभाळतात. आम्ही त्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहतो. बंगल्याला आणि आम्हाला मिळून मेन स्विच एकच, आमच्या दाराबाहेरच्या भिंतीवर. फार वर्षांपूर्वी विजेने मालकांचा टीव्ही जळाला, तेव्हा आबांना जे ऐकून घ्यावं लागलं ते त्यांच्या मनातून गेलं नाही. तेव्हापासून लांब लोहगडाच्या अंगाला गडगड झाली तरी त्यांचा हात स्विचकडे जातो.

तो कॉम्प्युटरही मालकांचाच. त्यांनी नवा घेतला आणि जुना आम्हाला दिला. आमच्या घरातली निम्मी चीजवस्तू अशीच आलेली आहे. त्यावर हक्क मात्र माझ्या धाकट्या भावाने सांगितला. टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांत तो समालोचन करायचा आणि त्याचा सराव घरी माइक लावून रेकॉर्ड करायचा. मी नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात पाळीवर. घरी आले की हा खुर्चीत बसून कुणालाच न दिसणारी मॅच सांगत असायचा. मी म्हणायचे, "अरे, आता जेवणाची सुट्टी घे." तो माइकमध्येच सांगायचा, "मंडळी, पंचांचा आवाज चढलेला आहे."

तीन वर्षांपूर्वी जुन्या हायवेवर त्याची मोटारसायकल घसरली आणि तो जागीच गेला. मोबाइलचाही चुरा झाला. स्पर्धांचे व्हिडिओ लोकांकडे होते, पण त्यात भोंग्यातून आलेला फाटका आवाज. घरात बोलायचा तो आवाज कुठेच नव्हता.

कॉम्प्युटरवर मी आईची जुनी साडी टाकली आणि ती पुन्हा काढली नाही. आई मी शाळेत असतानाच गेली होती, त्यामुळे त्या कोपऱ्यात आता दोघं बसल्यासारखे वाटायचे. मी तिकडे पाठ करून जेवायचे. साडीचा पदर पंख्याने हलला तरी अंगावर काटा यायचा. मला त्या डब्याची भीती वाटत होती, उगाच का लपवू.

गेल्या वर्षी भात पिवळं पडायला लागलं तेव्हा आबा एकदा ताटावरून उठता उठता म्हणाले, "त्याचा आवाज आठवंना झालाय मला. तोंड दिसतं, आवाज येत न्हाई."

मी म्हटलं, "त्या डब्यात असंल, आबा. रविवारी काढते."

रविवारी दुपारी साडी बाजूला केली. बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली: डिस्कवर चुका आहेत, तपासावी लागेल. याचं मला फारसं नवल वाटलं नाही. डिस्कवर कुठली फाइल कुठे ठेवली आहे, याची जणू एक पत्त्यांची वही असते. लिहिता लिहिता वीज गेली की वहीत अर्धवट पत्ते राहतात. आमच्याकडे तर वर्षानुवर्षं पावसाळाभर वीज जात नव्हती, पाडलीच जात होती. मी तपासणी सुरू केली. डिस्क आतून करकरत होती आणि टक्के एकेक करून वर सरकत होते. मधूनच एक ओळ यायची, अनाथ फाइल सापडली म्हणून. कारखान्यात मी दिवसभर स्क्रीनच बघते, पण तो शब्द मी दोनदा वाचला. यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती, हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही.

साठ टक्क्यांच्या पुढे आकडा गेला आणि परतीचा पाऊस भरून आला. बंगल्यातल्या पाहुण्यांच्या गाद्या गच्चीवर वाळत होत्या. मी पळत वर गेले. एक गादी डोक्यावर, एक काखेत, असं करत असताना जवळच कडाडलं. खाली आले तर घरात अंधार आणि करकर थांबलेली. दारात आबा, हात अजून स्विचवर.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, पण त्या दिवशी मी जे बोलले ते नुसतं रागाचं नव्हतं. ते लागावं म्हणूनच बोलले.

"एकदा गेला ते पुरं नव्हतं का? आज तुमी त्याला परत घालवलात."

आबा गोंधळले. "ईचारलं हुतं मी. तू पाडा म्हनलीस."

"मी गच्चीवर होते, आबा! खोटं कशाला बोलता?"

त्यांनी माझ्या भिजलेल्या डोक्याकडे पाहिलं, मग आत कॉम्प्युटरच्या कोपऱ्याकडे पाहिलं. गादीचं दुसरं टोक धरायला पुढे आले.

वीज आल्यावर कॉम्प्युटरला डिस्क ओळखूच येईना. आमच्यात आठवडाभर चहा आणि जेवण, एवढंच बोलणं झालं. पुढच्या सुट्टीला मी ती डिस्क काढून घेतली, टॉवेलात गुंडाळली आणि लोणावळ्याला बाजारातल्या एका जिन्याखालच्या दुकानात नेली. दुकानदाराने कानाशी धरून ऐकली आणि मलाच झापलं. "ताई, आजारी डिस्कवर सरळ तपासणी लावायची नसते. आधी तिची जशीच्या तशी नक्कल काढायची, मग जे काय करायचं ते नकलेवर." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आबांना जे सुनावलं होतं त्यातलं निम्मं माझ्याच वाट्याचं होतं.

चार दिवसांनी त्याने पेनड्राइव्ह हातावर ठेवला. "रेकॉर्डिंगचा फोल्डर काही मिळाला नाही. बेवारस तुकडे निघालेत. नावं नाहीत, नुसते आकडे. सेव्ह न करताच वीज गेली असेल तर अशा राहतात फाइली. वाजवून बघा."

आधी एकटीनेच ऐकायचं ठरवलं होतं. पण आबा येऊन भिंतीला टेकून बसले, आणि त्यांना उठा म्हणायचं तोंड मला नव्हतं. मोबाइलला पेनड्राइव्ह लावला. पहिल्या तुकड्यात मालकांच्या मुलीच्या वाढदिवसाचं अर्धं गाणं. दुसऱ्यात नुसती पंख्याची घरघर. तिसरा, चौथा वाजलाच नाही. आणि मग अचानक खोलीत तो बोलायला लागला.

"...आणि चेंडू थेट भाताच्या खाचरात, मंडळी! आता चेंडू सापडेपर्यंत बेडकांनी खेळ सांभाळावा..."

आबांनी माझा गुडघा घट्ट धरला. रेकॉर्डिंगमध्ये लांब कुठेतरी गडगडलं. पाठोपाठ दाराकडून आबांचाच आवाज आला, तीन-चार वर्षांनी तरणा.

"पाडू का रं?"

"थांबा आबा, चार बॉल ऱ्हायलेत."

"बरं. कर पुरी."

मला हे माहीतच नव्हतं. मी पाळीवर असायचे. बाहेर आभाळ गडगडत होतं, टीव्हीच्या आठवणीने या माणसाचा जीव वरखाली होत असणार, आणि तो स्विचवर हात ठेवून पोराची ओव्हर संपायची वाट बघत होता. चार चेंडू पडले. मधे आबा एकदा खोकले.

"झालं आबा. पाडा."

खट् असा आवाज आला आणि तुकडा संपला.

मी रडत होते. "आबा, चुकले मी त्या दिवशी," एवढंच म्हणता आलं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मी लावला. तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"आठवला का आवाज?" मी विचारलं.

"व्हय." त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "त्या दिवशीबी मी दारातनं ईचारलं हुतं. आतनं आलं, झालं आबा, पाडा. पाऊस लय वाजत हुता, मला वाटलं तू हायेस." त्यांनी मोबाइलकडे बोट केलं. "ह्योच हुता. तवा वळखला न्हाई मी त्याला."

डिस्कची तपासणी चालू असताना त्या यंत्रातून माणसाचा आवाज निघू शकत नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे. मी ते आबांना सांगितलं नाही.

त्यानंतर दोनदा आभाळ गडगडलं. दोन्ही वेळा आबा दारात उभे राहून कोपऱ्याकडे बघत म्हणाले, "पाडू का रं?" आणि मी आत बसून तोंडातून शब्द काढला नाही, कारण उत्तर मला नव्हतं द्यायचं, मला ऐकायचं होतं.