सुरवंटाची शाल

फोन आला तेव्हा मी वर्षभराच्या गव्हाला एरंडीचं तेल चोळत होते. दोन्ही हात कोपरापर्यंत तेलकट, म्हणून वाजू दिला. एकदा वाजला, दोनदा वाजला. तिसऱ्यांदा करंगळीनं दाबून स्पीकरवर टाकला. अकोल्याहून माझी भाची वैशाली होती. ‘‘मावशी, आई गेली,’’ एवढंच म्हणाली. आणि मी काय विचारावं? कशी गेली, कधी गेली, काही नाही. मी विचारलं, ‘‘शाल झाली होती का?’’ सख्खी बहीण गेल्यावर कोणी असं विचारते? वैशाली हळूच म्हणाली, ‘‘तुले माहीत हाये न मावशी.’’ हो, माहीत होतं. तरी विचारलं. वाटलं, मी तिला भेटून आल्यानंतरच्या तीन आठवड्यांत कोणी पूर्ण केली असेल तर माझी सुटका होईल…

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्या बौद्धांतल्या शोकसभेच्या दिवशी कुसुमताईच्या जुन्या विद्यार्थिनी एकेक करून उभ्या राहिल्या आणि ‘बाई फार प्रेमळ होत्या’ असं सांगून डोळे पुसत खाली बसल्या. मेल्यावर माणूस प्रेमळ होतेच, त्याला काही खर्च नाही. मी तिची पाठची बहीण, नऊ वर्षांनी लहान, म्हणून सांगते. ताई प्रेमळ नव्हती. ती अकोल्यातल्या एका मुलींच्या शाळेत शिवण-विणकाम शिकवायची, निवृत्तीनंतर घरी शनिवारी दुपारी बायका जमवून विणायला लावायची, आणि जिथं एप्रिलात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटते त्या गावात आयुष्यभर लोकरीच्या शाली आणि मफलरी करत बसली. कोणी हसलं की म्हणायची, थंडी गावात नसते, माणसाच्या अंगात असते. तिच्या अंगात भरपूर होती.

तिची एक रीत होती. कोणाच्याही विणकामात चूक दिसली की ती बोलत नसे. शिवणाच्या डब्यातला लाल दोरा काढायची, जिथं टाका चुकला तिथं ओवून गाठ मारायची आणि ते विणकाम सगळ्या वर्गात फिरवायची. फिरून आलं की बनवणारीनं स्वतःच्या हातानं लाल दोऱ्यापर्यंत उसवायचं. गळलेला टाका क्रोशाच्या सुईनं वर उचलून घेता येतो, पाच मिनिटांत काम होते, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. ताईला ते चालायचं नाही. ‘‘चुकलं तर उसवा लागते,’’ बस, विषय संपला. आमची आई लवकर गेली, घर ताईच्याच हातात आलं, त्यामुळे तिची पहिली विद्यार्थिनी मीच. बाबा तेव्हा मूर्तिजापूरला रेल्वेत होते. अकरा वर्षांची असताना मी त्यांच्यासाठी मफलर विणला, लपूनछपून, महिनाभर बसून. बाबांना देण्याआधी तो ताईच्या हाती लागला. तिनं लाल दोरा बांधला आणि शेजारच्या दोन बायांसमोर मला उसवायला बसवलं. दोरा अगदी सुरुवातीच्या ओळीत होता, म्हणजे सगळाच उसवायचा. मी रडत रडत गोळा केला. त्याच लोकरीचा तिनं दोन दिवसांत मफलर केला आणि बाबांनी तो शेवटपर्यंत वापरला. कोणी विचारलं की सांगायचे, आमच्या कुसुमनं विणला… मी तिथंच उभी असायचे.

तुम्ही म्हणाल, लहानपणचं किती दिवस धरून ठेवायचं! मी सोडलं असतं, तिनं सोडू दिलं नाही. अमरावतीला आमच्या महिला मंडळानं प्रदर्शन भरवलं तेव्हा मी चाळिशीची, एका शाळेची मुख्याध्यापिका. टेबलावर माझी निळी शाल होती, दोन गिऱ्हाइकं हातात घेऊन बघत होती. ताई आली, पिशवीतून दोरा काढला आणि त्यांच्या हातातच शालीला बांधला. त्यांना आधी समजलं नाही, समजल्यावर शाल ठेवून दोघं पुढच्या टेबलावर गेली. माझ्या यजमानांच्या दुखण्यात मात्र ती वीस दिवस दवाखान्यात बसून होती, हेही लिहायला पाहिजे. मी शाळा सांभाळली, तिनं त्यांना सांभाळलं. पण तिथंही खाटेशेजारी सुया चालवत त्यांना विचारलं, ‘‘बरे होत असान तर स्वेटर करतो, नाही तर शाल पुरे हाये. काय ते लवकर सांगा.’’ ते महिन्याभरात पहिल्यांदा हसले. स्वेटर अजून त्यांच्या कपाटात आहे.

तिच्या शालींचं वैशिष्ट्य म्हणजे लोकरींची मिसळ. एका दुकानातून ती उरल्यासुरल्या लच्छ्या किलोवर आणायची आणि एकाच शालीत पाच-सहा जातींची लोकर खेळवायची. प्रत्येकीला तिनं नाव दिलेलं. गाठीगाठीची ती साबुदाणा, चपटी रिबिनीसारखी ती फीत, चमकणारी ती जर. आणि जिला लांब लांब केस असतात, विणल्यावर जिची लव सगळीकडे पसरते, ती सुरवंट. सुरवंट ती कोणाला वापरू द्यायची नाही. स्वतः वापरलाच तर काठाला दोन ओळी. म्हणायची, ही लबाडाची लोकर आहे. टाका गळला, वाढला, काही झालं तरी केसांखाली झाकून जाते, वरून मखमल दिसते. आणि उसवायला गेलं तर केसात केस अडकून गुंता होतो, मग तोडल्याशिवाय गत नाही. चूक दिसत नाही आणि दुरुस्तही होत नाही, अशी लोकर हातात घेऊ नये, असं ती भर वर्गात सांगायची.

या हिवाळ्यात तिनं पांढरी शाल विणायला घेतली. साखरेनं आधी डोळे नेले, मग मूत्रपिंडं, आणि डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगून झालं होतं. आमच्यात शेवटी अंगावर पांढरंच घालतात. ताईचं म्हणणं, दुकानातला तो पातळ कपडा माझ्यावर टाकायचा नाही. ‘‘मह्या अंगावरचं मीच विणन.’’ सगळी पांढरी, पण मिसळ तिचीच. थोडा साबुदाणा, थोडी फीत, आणि बाकी सगळा सुरवंट. वैशालीनं फोनवर हे सांगितलं आणि मला लगेच कळलं, चुका झाकायला. वैशालीनं पुढं तोंडानंही सांगितलं, ‘‘मावशी, आईले आता दिसत नाही. टाके गळून राहिले. तू शनिवारी येशील तर काही बोलू नको. तिले तेवढं पुरं करू दे.’’ मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि शिवणाच्या डब्यातून लाल दोऱ्याचं रीळ काढून पर्समध्ये टाकलं. बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मला एकटीलाच हसू येत होतं. हे मी लिहून ठेवते, कारण मागाहून कोणाला मी असं म्हणू नये, की मला ठाऊक नव्हतं.

आठ-नऊ बायका होत्या त्या दुपारी. ताई भिंतीला टेकून बसलेली, हात सवयीनं चालत होते. शाल हातभर राहिली होती. मी म्हटलं, बघू दे ताई, आणि मांडीवर घेतली. वरून खरंच मखमल! उलट्या बाजूनं बोटं फिरवली, तसं तिनंच शिकवलं होतं, डोळ्यांवर विश्वास ठेवू नये म्हणून. सहा ओळी खाली एक टाका गळून लोंबत होता. मी दोरा ओवला आणि गाठ मारली. बायका बोलता बोलता थांबल्या. एकीनं पदर तोंडावर धरला.

‘‘काहून गप झाल्या?’’ ताईनं विचारलं. ‘‘काय केलं मंदीनं?’’

तिला दिसलंच नव्हतं. याचा मी विचारच केला नव्हता. माझी पन्नास वर्षांची हौस, आणि ती बिचारी विचारते आहे, काय केलं. शेवटी मीच म्हटलं, ‘‘लाल दोरा बांधला, ताई.’’

तिनं हात पुढं केला. शाल ओढून घेतली आणि बोटांनी शोधत राहिली. केसांमधून बोट आत घालायची, पुढं सरकायची. बराच वेळ गेला. गाठ सापडली तेव्हा तिनं खालून ओळी मोजल्या आणि मान हलवली.

‘‘बरोबर जागी बांधला. शिकली तू आता.’’

आयुष्यात तिनं माझं केलेलं हे एवढं एकच कौतुक. मग तिनं सुई बाहेर ओढली आणि उसवायला लागली. बायकांनी विनवण्या केल्या, बाई राहू द्या, दिसत नाही कोणाला. ती म्हणे, मला दिसत नाही म्हणून तुम्हालाही दिसत नाही का? सुरवंट काही उसवेना. ती ओढायची, गुंता व्हायचा, नखानं सोडवायची, परत ओढायची. तासाभरात जेमतेम दोन ओळी. मग तिनं शाल घडी करून पिशवीत घातली आणि वैशालीला चहा टाकायला सांगितलं. मी पण चहा घेतला. पिशवी त्यानंतर तिनं उघडली नाही, आणि दुकानातला पांढरा कपडाच तिच्यावर घातला गेला. पातळ होता. तिचे जुळवलेले हात त्यातून दिसत होते.

पुण्यानुमोदन आटोपून निघताना वैशालीनं पिशवी माझ्या हातात दिली. रागानं दिली की मायेनं, मला विचारायची हिंमत झाली नाही. घरी आणून मी एकेक टाका परत सुईवर चढवला. एक कमी भरतो. तो खाली, लाल दोऱ्यावर लटकलेला आहे, दोरा काढला की घसरत पार खालपर्यंत जाईल. क्रोशाची सुई घालून तो वर उचलायचा म्हटलं तर पाच मिनिटांचं काम. त्या शनिवारीही पाचच मिनिटं लागली असती, उलट्या बाजूनं, गप्पा मारता मारता, कोणालाही न कळता. तिलाही नाही.

रोज दुपारी जेवणं झाली की क्रोशाची सुई घेऊन बसते. डोळे मिटते आणि तिच्यासारखी बोटानं गाठ शोधते. लगेच सापडते. फार घट्ट बांधली होती मी.