झेंड्याच्या आधी निघालेले मासे

माझी नणंद टूरिड म्हणजे एक नंबरची हट्टी बाई. लग्न केलं नाही, पण लेकरं हजारोंनी सांभाळते. सॅल्मनची पिल्लं. नदीकाठच्या टाक्यांत ती वाढवायची आणि वसंतात समुद्राकडे धाडायची.

धाडायची कधी? तर राष्ट्रदिनी, झेंड्यांची मिरवणूक संपली की, बँडच्या गजरात. माझा नवरा हाल्वार बँडप्रमुख ना! गेल्या वर्षी उन्हाळा लवकर तापला, तरी आम्ही त्या दिवसाची वाट बघत बसलो. मग नदीच्या मुखाशी पिल्लं पोटं वर करून तरंगली. टूरिडने ती एकेक करून वेचली. फार रडली बिचारी.

यंदाही बर्फ लवकर वितळलं. एका सकाळी मी न्हाणीघरात गेले आणि किंचाळलेच. टबात मासे!

"ओरडू नकोस वहिनी," टूरिड मागून म्हणाली. "समुद्राचं पाणी आहे. रात्रभर ठेवलेत."

"माझ्या टबात? अगं, जगातल्या बादल्या संपल्या का?"

"बादलीत गुदमरतात. बघ तर खरं!"

बघितलं. अंगावरचे तपकिरी पट्टे जाऊन पिल्लं नव्या चमच्यासारखी लखलखत होती. एरवी नदीतलं पिल्लू खाऱ्या पाण्यात मरतं. ही तर मजेत होती.

"कल्ले खारं पाणी सोसायला शिकलेत गं!" टूरिडला आनंद मावेना. "पण ही तयारी टिकत नाही. पाणी तापलं की सगळं विसरतात, आणि मग समुद्र त्यांना मारतो. आजच सोडायला हवीत."

"आज?" खांद्यावर टॉवेल टाकून हाल्वार दारात उभा. "बँडशिवाय? बाबांपासूनची रीत आहे ती!"

"दादा, माशांना तुझं कॅलेंडर वाचता येत नाही."

"आठवडाभर थांबलं तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"गेल्या वर्षी कोसळलं होतं. मी वेचलंय ते," असं म्हणून ती गमबूट चढवून निघालीच.

हाल्वार आपला तिथेच खांबासारखा. माझं डोकंच फिरलं. त्याचा ट्रंपेट उचलला, खिडकी उघडली आणि जीव खाऊन फुंकला. गाय हंबरावी तसला आवाज! शेजारीपाजारी धावत बाहेर. "आग कुठे लागली?"

"नदीवर चला! टूरिड मासे सोडतेय!" मी पुन्हा तोंडाला ट्रंपेट लावला.

"दे इकडे! बँडची अब्रू घालवशील," हाल्वारने तो हिसकावला आणि सपाता घालूनच वाजवत रस्त्यावर उतरला. मागोमाग ढोलवाला, केसांना रोलर लावलेली बासरीवाली, कुणी हातात अर्धं खाल्लेलं वॉफल घेऊन. आम्ही सगळे हसत सुटलो.

टूरिडने टाक्यांची झडप उचलली होती. पिल्लं पाण्यात उतरत होती. वाजवता वाजवता हाल्वार थांबला.

"अगं, ही उलटी का चालली आहेत?"

शेपट्या समुद्राकडे, तोंडं आमच्याकडे. प्रवाहाबरोबर मागे मागे सरकत होती.

"अशीच जातात, दादा," टूरिड डोळे पुसत हसली. "घरच्या पाण्याचा वास भरून घेतात, परत येताना वाट चुकू नये म्हणून."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. तू लोकांकडे तोंड करून वाजवतोस. तुला कसं दिसणार?"

हाल्वारने ट्रंपेट खाली घेतला. मग त्याने बँडला हात केला.

"वळा रे सगळे नदीकडे," तो म्हणाला. "त्यांना आपली तोंडं दिसू देत."