न शिवलेला भात

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर वाचून हसून सोडून दिलेत. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. तेही मला कणकवलीहून आणून मुलुंडला आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या आत्येमुळे. त्यामुळे लिहिताना अजून राग येतो. भीती नाही, रागच.

गेल्या वर्षी आतोबा गेले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल, बोला." आत्येचा एकुलता मुलगा मंगेशदादा हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला मी एकटं सोडणार नाही." लगेच कावळा आला. मी मनात म्हटलं, भूक लागली असेल.

नंतर दादा बोरिवलीला नव्या फ्लॅटमध्ये गेला. आईला 'इकडचं सेट झालं की' नेणार होता. तिला न्यायच्या ऐवजी एका संस्थेतून दत्तक घेतलेला कुत्रा आणून दिला... "आई, तुला कंपनी!" मी आत्येला घाटकोपरला माझ्याकडे बोलावलं, तर म्हणे, "पोटचो झील असताना भाचीकडे रवू? लोक काय म्हणतीत?"

कुत्रा गुणी होता. आत्येच्या पायाशी झोपायचा. पण त्या घरात अन्नाला तोंड लावायचा नाही. खाली वॉचमनच्या हातून बिस्किटं खायचा, वर आत्येने कालवलेला दूधभात नुसता बघत बसायचा. डॉक्टर म्हणाले, एकदम फिट आहे. उरलेला भात आत्या खिडकीत ठेवायची, त्यालाही कावळे शिवायचे नाहीत... मुंबईचे कावळे, हातातला वडा पळवणारे!

आत्या वाळत चालली. "ह्यो जेवल्याशिवाय माका घास उतरणा नाय," म्हणायची.

शेवटी एका रविवारी दुपारी दादा कुत्र्याला परत न्यायला आला, तेव्हा मीही तिथे होते. "नखरे आहेत साल्याचे."

माझा तोल गेला. "दहाव्याला काय बोलला होतास, आठवतं ना?"

"अगं ए सायन्सवाली! कुत्र्यात बाबा आले का?" तो हसला. मग दूधभाताच्या वाडग्यापुढे उकिडवा बसून हात जोडले. "बरं, परत बोलतो. बाबा, आईला एकटं सोडणार नाही. खा आता."

कुत्र्याने त्याच्याकडे पाहिलं. मग पाठ फिरवून दाराकडे तोंड करून बसला. दादाचं हसू थांबलं.

आत्या ओट्यापासून पुढे आली. डोक्यावरून पदर घेतला, आतोबांसमोर घ्यायची तसा.

"हट्ट करू नका," ती कुत्र्याला म्हणाली. "तेका शब्दातून सोडा आता. माझा मी बघतंय. जेवा."

कुत्रा उठला. वाडगा चाटूनपुसून संपवला. खिडकीत फडफड झाली. कालचा भात कावळ्यांनी उचलला.

दादाने घाम पुसला. "बघ, भूकच लागली होती," म्हणाला, आणि पट्टा लावून कुत्र्याला घेऊन गेला.

आता कुत्रा गोराईत एका कुटुंबाकडे आहे, कुणीही घातलेलं खातो म्हणे. आत्या मुलुंडला एकटीच आहे. दादाचा फोन येतो... सणाला.

त्या दुपारी काय झालं ते मला सांगता येत नाही. शिकलेली असून येत नाही. वाडग्यापुढे नुसता कुत्रा होता, की आणखी कोणी, ठाऊक नाही. पण जो कोणी होता, त्याने तो भात खायला नको होता.