बाळंतिणीसमोर

माझ्या भाचीचं कमी वजनाचं बाळ दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं, तेव्हा त्या खोलीबाहेरच्या बाकावर मुरुडची एक कोळीण माझ्या शेजारी बसायची. तिच्या नातवाच्या हृदयाजवळ रक्ताची गुठळी झाली होती. त्याचं टोपरं ती गुडघ्यावर पसरायची, हाताने सारखं करायची, पुन्हा घडी घालायची.

डॉक्टरांनी तिला आणि तिच्या सुनेला एकत्र बसवून विचारलं होतं, "हा दोष कधी कधी घराण्यातून येतो. तसं असेल तर औषध वेगळं द्यावं लागेल. तुमच्यात कुणाचं तान्हं मूल गेलंय का?" दोघीही नाही म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ती हळूच मला म्हणाली, "माझा पयला पोरगा असाच गेला. पाय काळानिळा पडलेला. मी आपली तेल चोळीत बसले."

"मावशी, मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"बाळंतिणीसमोर गेलेल्या पोराचं नाव काढत न्हायत, बाय."

मी तिला उठवून डॉक्टरांच्या खोलीकडे नेलं. दारातच ती थबकली, कारण सून डॉक्टरांपाशी उभी होती. "तिला जरा भायेर ने," ती कुजबुजली.

चहाच्या निमित्ताने मी सुनेला बाहेर आणलं. चहाला तोंडही न लावता ती म्हणाली, "ताई, माझा धाकटा भाऊ जन्मला तसाच गेला, अंगावर काळे डाग पडून. पण सासूसमोर कसं बोलणार? तिचा सगळा जीव या नातवात हाय."

मी तिला तसंच आत डॉक्टरांपाशी नेलं; सासू तिथे आपल्या गेलेल्या पोराचंच सांगत होती. दोघींनी एकमेकींना जपलं होतं, आणि त्यात बाळाचा एक अख्खा दिवस गेला होता.